रशियन साम्राज्यातील लोकसमूहांचा इतिहास : मुंबईतील वाचकासाठी अभ्यासाची वाट

मराठी वाचकाचा रशियाशी परिचय बहुधा भाषांतरित कादंबऱ्यांतून, १९१७ च्या क्रांतीच्या हकिकतींतून किंवा फोर्टमधल्या पदपथांवर एके काळी अगदी स्वस्तात मिळणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांतून झालेला असतो. त्यांत दिसणारा देश बराचसा एकरंगी असतो. प्रत्यक्षात १८९७ साली झारच्या राज्यात जी पहिली आणि शेवटची सर्वसाधारण खानेसुमारी झाली, तिच्यात सुमारे १२ कोटी ५६ लाख माणसे मोजली गेली आणि त्यांपैकी ज्यांना त्या वेळी ‘महारशियन’ म्हणत, अशा रशियन मातृभाषेच्या लोकांचे प्रमाण जेमतेम ४४ टक्के भरले. उरलेल्या निम्म्याहून अधिक प्रजेचा इतिहास कोणत्या क्रमाने वाचावा आणि वाचताना नेमके काय टिपून ठेवावे, याविषयी हे टिपण आहे. नोकरी सांभाळून शनिवारी-रविवारी ग्रंथालयात बसणारा आणि रशियन भाषा न येणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

पहिली सूचना पद्धतीची आहे. हा इतिहास राज्यकर्त्यांच्या वंशावळीप्रमाणे वाचू नये. इव्हान, पीटर, कॅथरिन, अलेक्झांडर अशा क्रमाने वाचत गेल्यास तातार, बश्कीर, कझाक, चुवाश हे लोक जिंकले जाण्याच्या क्षणापुरते पानावर येतात आणि पुढच्या परिच्छेदात नाहीसे होतात. त्याऐवजी एकेका लोकसमूहासाठी एकेक सुटा कागद करावा आणि त्यावर इतकेच शोधत राहावे की तो समूह साम्राज्यात कोणत्या बोलीवर, म्हणजे कोणत्या ठरावावर, आला, सरकारदफ्तरी कोणत्या नावाने आणि कोणत्या वर्गात चढला, तो काय देत होता, बदल्यात स्वतःचे काय राखून होता, आणि ठरलेली बोली पुढे कोणी व केव्हा मोडली. जवळपास प्रत्येक समूहाच्या बाबतीत अशी काही ना काही बोली सापडते. ती लिखित असेलच असे नाही, आणि दोन्ही पक्षांनी तिचा अर्थ एकच लावला होता असे तर फार क्वचित आढळते. कागद सुटे ठेवावेत, बांधीव वही घेऊ नये. त्याचे कारण शेवटी येईल.

वाचन सुरू करण्यापूर्वी दोन संध्याकाळी नकाशासाठी द्याव्यात. राजकीय सीमा दाखवणारा नकाशा न घेता नद्या दाखवणारा घ्यावा आणि व्होल्गा, ओब, येनिसेई, लेना या नद्यांवर बोट फिरवावे. १५५२ साली इव्हान चौथ्याने कझान घेतले आणि १५५६ साली अस्त्राखान. त्यामुळे व्होल्गा नदी मुखापर्यंत मॉस्कोच्या हाती आली. १५८० च्या दशकाच्या आरंभी येर्माक नावाचा कोसॅक, म्हणजे सरहद्दीवरचा लढवय्या, उरल पर्वत ओलांडून कुचुम खानाच्या सिबीर राज्यावर चालून गेला आणि १६३९ साली इव्हान मस्क्वितीनची तुकडी ओखोत्स्क समुद्राच्या काठावर पोहोचली. साठ वर्षांच्या आत पॅसिफिकपर्यंत जाणे शक्य झाले ते नद्यांच्या उपनद्या एकमेकींच्या अगदी जवळ येत असल्यामुळे, कारण मधला थोडा भूभाग होड्या ओढून पार केला की पुढचे खोरे लागे. तोबोल्स्क, येनिसेइस्क, याकुत्स्क ही ठाणी नकाशावर पाहिली की ती सगळी नदीकाठी आहेत हे लक्षात येते. राज्याचा हात नदीकाठाने लांब गेला, पण दोन नद्यांमधल्या अरण्यात आणि टुंड्रात तो कितीतरी काळ पोहोचला नाही. अगदी ईशान्य टोकाच्या चुकची लोकांनी अठराव्या शतकात इतका चिवट प्रतिकार केला की अनादिरची लाकडी गढी अखेर सरकारला सोडून द्यावी लागली.

यानंतर नावांचा प्रश्न येतो आणि नवा वाचक सर्वाधिक वेळा इथेच फसतो. मीही फसलो होतो. पहिली काही वर्षे मी ‘किर्गीझ’ नावाच्या कागदावर जे जे टिपत गेलो, त्यातला बराचसा मजकूर मुळात कझाकांविषयीचा होता, हे कळल्यावर तो सगळा कागद फाडून नव्याने लिहावा लागला. झारच्या काळातील कागदपत्रांत कझाकांना ‘किर्गीझ’ किंवा ‘किर्गीझ-कैसाक’ आणि आजच्या किर्गीझांना ‘कारा-किर्गीझ’ म्हटलेले असते. ‘तातार’ या शब्दाखाली कझानचे तातार, क्रिमियाचे तातार आणि आज ज्यांना आपण अझरबैजानी म्हणतो ते, असे सगळे कोंबलेले असत. दक्षिणेकडून आलेल्या प्रत्येकाला ‘मद्रासी’ म्हणण्याची मुंबईची जुनी खोड ज्याला ठाऊक आहे, त्याला झारच्या कारकुनांची ही सवय वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून प्रत्येक कागदाच्या माथ्यावर जुने सरकारी नाव आणि त्या लोकांचे आजचे नाव अशी जोडी लिहावी : वोत्याक म्हणजे उदमुर्त, चेरेमिस म्हणजे मारी, वोगुल म्हणजे मान्सी, तुंगुस म्हणजे एवेंकी, गिल्याक म्हणजे निव्ख, याकुत म्हणजे साखा. ‘ओस्त्याक’ या नावाविषयी विशेष सावध राहावे, कारण ते मुख्यतः खांती लोकांसाठी असले तरी केत आणि सेल्कुप या निराळ्या भाषांच्या लोकांनाही लावले जाई.

‘रशियन’ या आपल्या शब्दाचीही अशीच फोड करून ठेवावी लागते. रशियन भाषेत लोकांसाठी व भाषेसाठी ‘रूस्की’ आणि राज्यासाठी ‘रसिस्की’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द वापरल्यामुळे तातार माणूस ‘रशियन प्रजाजन’ असतो पण ‘रशियन’ नसतो, ही साधी गोष्ट भाषांतरात हरवते. टिपणे काढताना राज्याविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘साम्राज्याचा’ आणि लोकांविषयी बोलायचे असेल तेव्हाच ‘रशियन’ असे लिहिण्याची सवय लावून घ्यावी. तिसरा शब्द ‘इनोरोद्त्सी’ हा आहे. त्याचा शब्दशः अर्थ परकुळात जन्मलेले असा होतो, परंतु तो केवळ तुच्छतेचा शब्द नसून कायद्यातील वर्ग होता. सायबेरियाचा कारभार पाहिलेल्या स्पेरान्स्कीने १८२२ साली जो कायदा रचला, त्यात सायबेरियातील मूळ रहिवाशांचे स्थायिक, फिरस्ते पशुपालक आणि रानोमाळ हिंडणारे अशा तीन प्रतींत वर्गीकरण केले होते. पहिल्यांवर रशियन शेतकऱ्यांसारखीच बंधने, दुसऱ्यांना आपल्या रूढींप्रमाणे अंतर्गत कारभार, तिसऱ्यांकडून बहुतांशी फक्त खंडणी. १८३५ साली ज्यू लोकांनाही याच वर्गात घातले गेले आणि शतकाच्या अखेरीपर्यंत हा शब्द बोलण्यात कोणत्याही बिगर-रशियन माणसासाठी वापरला जाऊ लागला. एखाद्या लेखात हा शब्द आला की तो कायद्याच्या अर्थाने आला आहे की सैल अर्थाने, हे वर्षावरून आणि संदर्भावरून ठरवावे.

‘काय देत होता’ या प्रश्नापाशी सर्वांत अधिक वेळ घालवावा, असे माझे मत आहे, कारण साम्राज्याला त्या लोकांकडून खरोखर काय हवे होते ते तिथे उघड होते. सायबेरियात ते होते कातडे, विशेषतः सेबल नावाच्या लहानशा प्राण्याचे. या खंडणीला ‘यासाक’ म्हणत आणि ती प्रौढ पुरुषामागे मोजली जाई. वसुलीची खात्री म्हणून टोळीच्या प्रमुखांच्या घरातील माणसे गढीत ओलीस ठेवत आणि त्या ओलिसांना ‘अमानात’ म्हणत. हा शब्द अरबीतून तुर्की भाषांमार्फत रशियनमध्ये गेला, आणि तोच शब्द फारसीमार्फत मराठीत येऊन ‘अनामत’ झाला. भाड्याच्या खोलीसाठी आपण जी अनामत ठेवतो ती पैशांची असते. लेना नदीकाठी ती कोणाच्या तरी मुलाची असे. रशियनमधील ‘काझना’ म्हणजे सरकारी खजिना, ‘सुंदूक’ म्हणजे पेटी, ‘बाजार’ म्हणजे बाजार, हे शब्दही त्याच वाटेने गेलेले आहेत. पूर्वेकडच्या कारभाराची पुष्कळशी परिभाषा मॉस्कोने तुर्की-मंगोल राज्यांकडूनच उचलली, त्यामुळे कझानच्या पलीकडच्या लोकांना नवा धनी अगदीच अपरिचित भाषेत बोलत होता असे समजू नये.

यासाकचा कागद नीट भरला की धर्माविषयीचे एक कोडेही सुटते. ख्रिस्ती साम्राज्य म्हटल्यावर ते सर्वत्र धर्मांतर करत सुटले असेल अशी आपली समजूत असते. सतराव्या शतकातील सायबेरियात मात्र बाप्तिस्मा घेतलेला माणूस बहुधा खंडणी देणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडे, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांना धर्मांतराचा फारसा उत्साह नव्हता. याउलट १७४० च्या दशकात कझानच्या परिसरात शेकडो मशिदी पाडल्या गेल्या. त्यानंतर तीन-चार दशकांतच कॅथरिन दुसरीने १७७३ साली धर्मसहिष्णुतेचा हुकूम काढला आणि १७८८ साली मुसलमानांसाठी ओरेनबुर्गची धर्मसभा स्थापन करण्याचा आदेश दिला. मुल्लांच्या नेमणुका या सभेमार्फत होऊ लागल्या. मधल्या काळात, १७७३ ते १७७५, पुगाचोव या कोसॅकाचे मोठे बंड झाले होते आणि त्यात सलावत युलायेवसारखे बश्कीर सरदार मोठ्या संख्येने उतरले होते, ही गोष्ट या बदलाशेजारी लिहून ठेवावी. ‘रशियाचे इस्लामविषयक धोरण’ असा एक मथळा करून चार शतके त्याखाली भरणारे पुस्तक हाती आले तर ते सावकाश आणि संशयाने वाचावे.

आता एक कागद पूर्ण भरून पाहू, म्हणजे पद्धत स्पष्ट होईल. कझाकांचा घेऊ. लहान झूझचा, म्हणजे कझाकांच्या तीन मोठ्या विभागांपैकी पश्चिमेकडच्या विभागाचा, खान अबुलखैर याने पूर्वेकडच्या झुंगार मंगोलांच्या स्वाऱ्यांनी बेजार होऊन १७३० साली सम्राज्ञी अ‍ॅनाकडे संरक्षण मागितले आणि पुढच्या वर्षी निष्ठेची शपथ घेतली. ती शपथ घडवून आणणारा दूत तेव्केलेव हा स्वतः तातार मुसलमान होता. मध्यस्थाचे नाव कागदावर अवश्य टिपावे, कारण हे साम्राज्य अशा मध्यस्थांच्या खांद्यावर चालत होते. कझाक सरदारांच्या दृष्टीने ही शपथ म्हणजे गरजेपुरता केलेला आणि परिस्थिती पालटली की सोडता येणारा करार होता. पीटर्सबर्गच्या दफ्तरात मात्र ते कायमचे प्रजाजन म्हणून चढले. १८२२ साली मध्य झूझमधील आणि १८२४ साली लहान झूझमधील खानपद रद्द झाले. अबलाय खानाचा नातू केनेसारी याने १८३७ ते १८४७ अशी दहा वर्षे झुंज दिली. १८६७-६८ च्या नियमांनी गवताळ प्रदेशाचे जिल्हे पाडले आणि १८९१ च्या कायद्याने भटक्यांची चराई सरकारी मालकीची ठरवून, त्यांच्या गरजेपेक्षा ‘जास्तीची’ जमीन काढून घेण्याची मुभा दिली. गावाचे गायरान सरकारी ठरते आणि मग ते दुसऱ्याला दिले जाते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १८९० च्या दशकापासून, आणि १९०६ नंतर पंतप्रधान स्तोलिपिनच्या काळात फार मोठ्या प्रमाणावर, रशियन व युक्रेनी शेतकरी तिथे वसवले गेले. शेवटची नोंद १९१६ ची. भटक्या लोकांना सैन्यभरतीतून सूट होती, आणि ती त्यांच्या बोलीचा भाग होता. पहिल्या महायुद्धात १९ ते ४३ वयाच्या पुरुषांना पिछाडीच्या मजुरीसाठी नेण्याचा हुकूम निघाला तेव्हा खुजंदपासून सुरू झालेला उठाव मध्य आशियातील सबंध तुर्कस्तान प्रांतात आणि गवताळ प्रदेशात पसरला. असा कागद भरल्यावर १९१६ चा उठाव अचानक पेटलेला वाटत नाही.

याच कागदाच्या पाठीमागे चोकान वालिखानोव (१८३५ ते १८६५) याच्यासाठी जागा ठेवावी. खानांच्या वंशातला हा कझाक तरुण रशियन सैन्यात अधिकारी होता, व्यापाऱ्याच्या वेषात काशगरला जाऊन आला, पीटर्सबर्गच्या विद्वानांत वावरला आणि आपल्या लोकांच्या कथा-गीतांची टिपणे करत राहिला. साम्राज्याचा नोकर आणि साम्राज्याच्या कक्षेत आलेल्या लोकांचा लेखक या दोन्ही भूमिका एकाच माणसात दिसल्या की वाचक गोंधळतो आणि त्याला कोणत्या तरी एका बाजूला बसवू पाहतो. तसे करू नये.

मुंबईच्या वाचकाने एक मोह विशेष आवरावा, तो म्हणजे पानोपानी ब्रिटिश हिंदुस्थानशी तुलना करण्याचा. तुलना उपयोगी पडते, पण ती कुठे तुटते हे आधी पाहावे. इंग्लंडमधला शेतकरी मुंबईतल्या रयतेपेक्षा मोकळा होता; रशियातली स्थिती अनेकदा उलटी होती. १८६१ पर्यंत दोन कोटींहून अधिक भूदास, आणि त्यांत फार मोठा वाटा रशियन व युक्रेनी शेतकऱ्यांचा, जमीनदारांच्या मालकीचे होते, तर सायबेरियातला यासाक देणारा माणूस कोणाचा भूदास नव्हता. बाल्टिक प्रांतांतल्या एस्टोनियन व लाटवियन भूदासांना, जमिनीविना का होईना, १८१६ ते १८१९ या काळातच मुक्त केले गेले. तिथे सत्ता मात्र जर्मन सरदारांच्या हाती राहिली. फिनलंडला १८०९ साली स्वतःचे कायदे आणि प्रतिनिधिसभा राखून साम्राज्यात घेतले, अर्थात ती सभा त्यानंतर थेट १८६३ साली भरली. आणि १९०६ साली फिनिश स्त्रियांना मताधिकार मिळाला तेव्हा त्या झारच्याच प्रजा होत्या. पोलंडला १८१५ साली राज्यघटना मिळाली आणि १८३०-३१ च्या उठावानंतर ती गेली. दुसऱ्या टोकाला, काकेशसच्या पश्चिम भागातील चेर्केस लोकांना १८६४ साली लढाई संपताना लाखोंच्या संख्येने ऑटोमन मुलखात हाकलण्यात आले. त्यांच्या कागदावर ‘बदल्यात काय राखले’ या जागी लिहिण्यासारखे काही उरत नाही. शासक लोक आणि शासित लोक अशी एकच रेघ मारून हा पट उलगडत नाही.

तुलना जिथे खरोखर जुळते ती जागा कापसाची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस दुर्मीळ झाला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात शेअरबाजार कोसळून शहरातली मोठमोठी घराणी बुडाली. त्याच युद्धाने मॉस्कोच्या गिरण्यांचाही कापूस तोडला होता आणि त्याच उन्हाळ्यात जनरल चेर्न्यायेवने ताश्कंद घेतले. कापूस हे त्या स्वारीचे एकमेव कारण मानू नये, कारण चेर्न्यायेव वरिष्ठांच्या हुकुमापलीकडे गेला होता आणि सरहद्दीवरच्या सेनापतींची महत्त्वाकांक्षा हा स्वतंत्र विषय आहे. परंतु पुढच्या पन्नास वर्षांत फरगाना खोऱ्यात धान्याच्या जागी कापूस कसा पसरला हे वाचताना गिरणगावाच्या इतिहासाचे भान फार कामी येते. समरकंद १८६८ साली, खिवा १८७३ साली आणि कोकंदची खानशाही १८७६ साली, असा पुढचा क्रम आहे.

भाषेच्या प्रश्नासाठी पुन्हा १८९७ च्या खानेसुमारीकडे यावे. तिच्यात ‘राष्ट्रीयत्व’ विचारलेले नव्हते. मातृभाषा आणि धर्म विचारला होता. ‘महारशियन’, ‘लघुरशियन’ म्हणजे युक्रेनी, आणि बेलारूशियन अशा तिघांची बेरीज करून अधिकारी ‘रशियन’ लोक दोन-तृतीयांश असल्याचे सांगत; बेरीज न केल्यास तेच लोक ४४ टक्के उरतात. कोकणी ही भाषा की मराठीची बोली, हा वाद ज्याने ऐकला आहे, त्याला खानेसुमारीच्या रकान्यात किती राजकारण मावते हे समजेल. १८६३ साली अंतर्गत मंत्री वालुयेव याच्या परिपत्रकाने युक्रेनी भाषेतील धार्मिक व सामान्यजनांसाठीची शैक्षणिक पुस्तके रोखली आणि १८७६ च्या एम्स येथील हुकुमाने छपाई, आयात व नाट्यप्रयोग यांवर बंधने आणली. १८६३-६४ च्या दुसऱ्या पोलिश बंडाचा आणि त्यानंतरचा हा काळ आहे, हे विसरू नये. विशेष असे की याच दशकांत व्होल्गाकाठी निकोलाय इल्मिन्स्की हा मिशनरी शिक्षक चुवाश, मारी, तातार मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवावे म्हणून सरकारचे मन वळवत होता आणि इव्हान याकोव्लेव चुवाश भाषेसाठी नवी वर्णमाला तयार करत होता. एका भाषेला बंदी आणि दुसरीला उत्तेजन यात विसंगती वाटते; तिचे उत्तर असे की ज्या भाषेमागे वेगळ्या राज्याचा दावा उभा राहील असे वाटे ती दाबायची, आणि जी भाषा ऑर्थोडॉक्स धर्मात टिकवून धरील व तातार मुल्लांच्या प्रभावापासून दूर ठेवील ती वाढवायची, असा हिशेब होता.

क्रिमियाचा इस्माइल गास्प्रिन्स्की (१८५१ ते १९१४) याच्यावर एक कागद अवश्य करावा. बख्चिसराय येथून १८८३ पासून त्याने ‘तर्जुमान’ हे वृत्तपत्र चालवले आणि मुसलमान मुलांना घोकंपट्टीऐवजी ध्वनीवरून अक्षरओळख करून देणाऱ्या नव्या शाळांची चळवळ उभारली. १९१२ साली तो मुंबईत येऊन गेला होता. या भेटीचा माग त्या वर्षीच्या इथल्या उर्दू आणि गुजराती वृत्तपत्रांत काढण्याचे काम एखाद्या चिकाटीच्या वाचकाने अंगावर घेण्याजोगे आहे. त्याहून चारशेहून अधिक वर्षे मागे गेले तर १४७० च्या आसपास त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता; रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्याच्या प्रवासटिपणांत मधूनमधून, विशेषतः पैसा, स्त्रिया आणि प्रार्थना यांच्याविषयी लिहिताना, तो तुर्की-फारसी-अरबी मिश्रित भाषेत शिरतो. व्होल्गाकाठचा रशियन माणूस कझान घेण्याआधीपासूनच किती भाषांत वावरत होता याचा तो पुरावा आपल्या दारात आहे. सुट्टीच्या दिवशी गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडून तो पाहून यावा.

तारखांविषयी एक सूचना थोडक्यात. फेब्रुवारी १९१८ पर्यंत रशियात ज्युलियन पंचांग चालत होते आणि ते आपल्या दिनदर्शिकेच्या मागे एकोणिसाव्या शतकात १२ दिवस, विसाव्यात १३ दिवस असे. एका पुस्तकात २१ मे १८६४ आणि दुसऱ्यात २ जून १८६४ अशी काकेशसच्या युद्धसमाप्तीची तारीख आढळली तर दोन्ही बरोबर आहेत. कागदावर दोन्ही तारखा लिहाव्यात.

साधनांसाठी मुंबईत तक्रारीला फारशी जागा नाही. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकातील मध्य आशियाविषयीची इंग्रजी प्रवासवर्णने पाहावीत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या राजकीय खात्याची दफ्तरे आहेत. १८७३ पर्यंत इराणच्या आखातातील बुशायरची रेसिडेन्सी मुंबईच्या अखत्यारीत असल्यामुळे इराणच्या बाजूने रशियाकडे पाहणारा पत्रव्यवहार तिथे शोधावा. मात्र या इंग्रजी कागदांत प्रत्येक गोष्ट हेरात आणि अफगाणिस्तानच्या काळजीने लिहिलेली असते, म्हणून तुर्कमेन किंवा कझाक माणूस त्यांत प्यादे म्हणूनच येतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळणारी सोव्हिएत प्रकाशने टाकून देऊ नयेत; त्यांतली लोकसमूहांची वर्णने, पोशाख, घरे, व्यवसाय यांची माहिती अनेकदा चांगली असते, परंतु ‘स्वेच्छेने सामील झाले’ हे शब्द आले की पेन्सिलीने खूण करून त्या समूहाच्या कागदावरची शपथेची नोंद पडताळावी. सायबेरियातील चुकचींविषयी बोगोराझ आणि निव्ख लोकांविषयी श्तेर्नबेर्ग यांनी केलेले लेखन या सगळ्यांत वेगळे आहे. दोघेही झारविरोधी कारवायांबद्दल हद्दपार झालेले राजकीय कैदी होते आणि हद्दपारीतच त्या लोकांची भाषा शिकले.

रशियन येत नसली तरी लिपी शिकून घ्यावी. ३३ अक्षरे आहेत, आठवडाभरात वाचता येऊ लागतात. रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ आहे, ‘एच’सारखे ‘न’ आणि ‘सी’सारखे ‘स’ आहे, एवढे पक्के झाले की नकाशावरची आणि जुन्या तक्त्यांतली नावे उलगडतात, आणि इंग्रजीतून आलेल्या विचित्र वर्णलेखनापेक्षा देवनागरीत ती अधिक नीट उतरवता येतात. पुढे भाषाच शिकावीशी वाटली तर पेडर रोडवरच्या रशियन सांस्कृतिक केंद्रात चौकशी करावी.

१९१७ नंतरचा काळ या कागदांवर त्याच पद्धतीने चालू ठेवता येतो, पण वर्ग बदलतात : ‘इनोरोद्त्सी’ जाऊन ‘राष्ट्रीयत्व’ येते, १९२३ पासून स्थानिक भाषांना व कर्मचाऱ्यांना पुढे आणण्याचे धोरण येते, अनेक भाषांच्या लिप्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन आणि पुढे दहा-बारा वर्षांत सिरिलिक होतात. कागद सुटे का ठेवायचे, हे याच टप्प्यावर कळते. १९३७ साली अतिपूर्वेकडचे सुमारे १ लाख ७० हजार कोरियन, १९४१ साली व्होल्गाकाठचे जर्मन, १९४३ च्या डिसेंबरात काल्मिक, २३ फेब्रुवारी १९४४ पासून चेचेन व इंगुश आणि १८ मे १९४४ पासून क्रिमियाचे तातार मालगाड्यांत भरून हलवले गेले. काल्मिकांना सायबेरियात, बाकीच्यांपैकी बहुतेकांना कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात. मी कागद प्रदेशवार लावले होते. १९४४ पाशी आल्यावर चेचेनांचा कागद काकेशसच्या गठ्ठ्यातून काढून कझाकांच्या कागदामागे ठेवावा लागला, आणि १९५७ पाशी तो परत काकेशसमध्ये नेला. क्रिमियाच्या तातारांचा कागद मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उझबेकिस्तानच्या गठ्ठ्यातच राहिला.